ओआरएसची पुडी आणि सीमेपलीकडचे दान

भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकापाशी एका स्नेह्यांनी मला विचारले, "आपल्या सोलापुरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येते आणि तुम्ही आफ्रिकेतल्या मुलांसाठी पैसे पाठवता. आधी घरचे बघायला नको का?" ज्यांच्या स्मारकापाशी हा प्रश्न निघाला, ते सोलापूरचेच कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला युद्धातील जखमींच्या सेवेसाठी गेले आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. तरीही प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला सापडते ते औषधाच्या दुकानात वीस-बावीस रुपयांना मिळणाऱ्या ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या, पुडीत.

या पुडीत साखर चवीसाठी असते, असा समज सर्रास आढळतो. तिचे खरे काम वेगळे आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते, ज्याला एसजीएलटी-१ म्हणतात. ते ग्लुकोज या साखरेचा एक रेणू आत घेते तो मिठातल्या सोडियमचे दोन आयन (विद्युतभारित कण) बरोबर घेऊनच. जोडीदार नसेल तर दोघांनाही त्या दाराने प्रवेश नाही. आत आलेले सोडियम पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप रक्ताकडे ढकलतो आणि परासरणाने पाणी त्याच्यामागून जाते. पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, जंतूचे विष पेशीतील सीएएमपी नावाच्या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढवते, त्यामुळे क्लोराइडचे मार्ग उघडेच राहतात, सोडियम शोषण्याचा नेहमीचा मार्ग मंदावतो आणि पाणी आतड्यात लोटते. ग्लुकोजच्या जोडीचे दार मात्र या गोंधळातही चालू राहते. संपूर्ण उपचार त्या एका दारावर उभा आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्रात एका लिटर पाण्यात सोडियम आणि ग्लुकोज यांचे रेणुप्रमाण समान, म्हणजे प्रत्येकी ७५ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक), ठेवले आहे. साखर त्याहून फार वाढली तर न शोषलेली साखर आतड्यातच राहून उलट पाणी ओढते. जुलाबावर गोड शक्तिवर्धक पेये पाजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. बाळाचे दूध-पाणी तोडून दृष्ट काढत बसणाऱ्या घरांविषयी तर काय बोलावे!

आता हे ज्ञान कोणाच्या पैशाने आले ते पाहू. पटकीचे विष असते, हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवले. सोडियम-ग्लुकोजच्या जोडीची कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. त्याच सुमारास ढाक्यात पटकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, तिच्यात अमेरिकेचा मोठा वाटा होता, आणि तिथल्याच संशोधकांनी १९६८ साली पटकीच्या रुग्णांवर तोंडावाटे द्यायच्या द्रावणाचा उपयोग सिद्ध केला. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत शिरेवाटे देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या, त्या पाण्यात कालवल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती द्रावण दिले. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण, जे अशा साथीत तीस टक्क्यांपर्यंत जात असे, ते चार टक्क्यांच्याही खाली आले.

अमेरिकी करदात्याने त्या दशकात "आधी आपले घर" असे म्हटले असते, तर ढाक्यातली ती प्रयोगशाळा कशी उभी राहिली असती? आज सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, उन्हाळ्यात जुलाबाने निपचित पडलेल्या मुलाला आई वाटीने जे पाणी पाजते, त्यात परक्यांच्या त्या पैशाचा अंश आहे.

दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे. पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू भारतात हजारी सुमारे तीस, तर नायजर आणि नायजेरियात शंभरच्या वर आहेत. पुडीची किंमत दोन्हीकडे जवळपास तीच असते. पण जिथे गावात ती मिळतच नाही, तिथे पोहोचलेली पुडी जीव वाचवण्याची शक्यता, जिथे ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते त्याहून जास्त असते. गरज जितकी कमी भागलेली, तितका पुढचा रुपया अधिक काम करतो. यातून इथले दान थांबवावे असे निष्पन्न होत नाही, कारण भारतातही अशी गावे आहेत. फक्त निवड करताना गरज पाहावी, नकाशावरील रेषा पाहू नये, एवढेच निघते.

एक व्यावहारिक अडचण आहेच. परदेशात नोंदलेल्या संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही. मी स्नेह्यांना माझ्या दोन्ही पावत्या दाखवल्या: एक इथल्या संस्थेची, एक बाहेरची. त्यांनी पहिली उलटून पाहिली, दुसरीवरची रक्कम वाचली आणि विचारले, "एवढ्यात पुड्या किती येतात?"