जे अँड एम स्टुडिओ, न्यू ऑर्लीन्स

जे अँड एम स्टुडिओ : अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या न्यू ऑर्लीन्स शहरातील ध्वनिमुद्रण केंद्र. नॉर्थ रॅम्पार्ट व ड्यूमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एका दुकानाच्या मागच्या खोलीत ते १९४५ साली सुरू झाले आणि १९५६ पर्यंत तेथेच चालले. ऱ्हिदम अँड ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे लोकप्रिय संगीत आणि त्यातून पुढे आलेले रॉक अँड रोल, या दोहोंच्या आरंभकाळातील अनेक महत्त्वाच्या तबकड्या या खोलीत तयार झाल्या. रॉय ब्राउन, फॅट्स डॉमिनो, लॉइड प्राइस, लिटल रिचर्ड ही येथे गायलेली नावे जगभर गेली. त्यांच्यामागे वाजवणाऱ्या मोजक्या वादकांची नावे मात्र बहुधा लेबलावरही छापली गेली नाहीत. रॉक अँड रोलचा उगम शोधायचा तर गायकांच्या आधी या साथीदारांकडे वळावे लागते, इतका त्यांचा वाटा मोठा आहे.

स्टुडिओचा मालक व ध्वनिमुद्रक कॉसिमो मटासा (१९२६–२०१४) हा न्यू ऑर्लीन्समध्येच जन्मलेला, इटालियन वंशाचा. तुलेन विद्यापीठातले रसायनशास्त्राचे शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडले. वडिलांचा भागीदारीत ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजवणारी यंत्रे, पुरवण्याचा धंदा होता. दुकानात तबकड्याही विकल्या जात. गिऱ्हाइकांना हौसेने स्वतःचा आवाज मुद्रित करून घेता यावा, एवढ्याच हेतूने मागे एक खोली काढण्यात आली. त्या वेळी शहरात दुसरा व्यावसायिक स्टुडिओ नसल्यासारखाच होता, त्यामुळे बाहेरगावच्या कंपन्यांची माणसे गायक शोधत आली की ती मटासाच्याच दारात येत. डीलक्स, इंपीरियल, स्पेशल्टी, अटलांटिक, अलादीन अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या तबकड्यांत एकच खोली आणि बरेचदा तेच वादक ऐकू येतात, ते यामुळे.

जागेलाही इतिहास आहे. रॅम्पार्ट रस्ता ओलांडला की जवळच काँगो स्क्वेअर लागतो. गुलामगिरीच्या काळात तेथे दर रविवारी गुलाम जमत, ढोल वाजवून नाचत. पुढे शहरात रस्त्यावरून वाजत जाणाऱ्या ब्रास बँडची परंपरा रुजली. अंत्ययात्रेला जाताना संथ आणि परतताना नाचरे वाजवणारे हे बँड ऐकतच स्टुडिओतले बहुतेक वादक लहानाचे मोठे झाले. शहराच्या संगीताचा हा धागा ड्रमच्या ठेक्यात सर्वांत स्पष्ट दिसतो, त्याविषयी पुढे.

ध्वनिमुद्रणाची पद्धत : खोली अगदी लहान होती आणि यंत्रे बसवलेली जागा तर त्याहून चिमुकली. सुरुवातीला चुंबकीय फीत नव्हती. सूर थेट फिरत्या तबकडीवर कोरला जाई. त्यामुळे जोडकाम करण्याची सोयच नव्हती. शेवटच्या ओळीत ट्रंपेटवाला चुकला तर गायकाने कितीही जीव ओतलेला असो, तबकडी बाद आणि सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मोजके मायक्रोफोन, पुढे-मागे उभे केलेले वादक आणि त्यांच्यातले अंतर, एवढ्यावर आवाजांचा तोल साधावा लागे. सॅक्सोफोनवाल्याची पाळी आली की तो दोन पावले पुढे येई आणि तुकडा संपला की मागे सरके. मटासा आधीच सगळी मांडणी नीट लावून घेई आणि मुद्रण सुरू झाल्यावर बटणांना शक्यतो हात लावत नसे. वादकांनी खोलीत जे वाजवले तेच तबकडीवर उतरावे, असा त्याचा दृष्टिकोन होता. फीत आल्यावरही ही सवय फारशी सुटली नाही. या तबकड्यांत गायक आणि साथ यांच्यात भिंत जाणवत नाही, याचे श्रेय यंत्रांपेक्षा या साधेपणाला द्यायला हवे.

पहिल्या तबकड्या : १९४७ मध्ये रॉय ब्राउनने येथे 'गुड रॉकिंग टुनाइट' मुद्रित केले. वायनोनी हॅरिसने तेच गाणे लगोलग गाऊन ब्राउनपेक्षा अधिक यश मिळवले, आणि १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीनेही ते गायले. जून १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीचे 'रेस रेकॉर्ड्‌स' हे जुने नाव काढून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव लावले. त्याच वर्षी १० डिसेंबरला इंपीरियल कंपनीसाठी फॅट्स डॉमिनो (१९२८–२०१७) पहिल्यांदा या खोलीत पियानोवर बसला. त्या दिवशीचे 'द फॅट मॅन' हे गाणे चँपियन जॅक डुप्री याच्या 'जंकर ब्लूज'वर बेतलेले होते. मूळ गाण्यातला अमली पदार्थांचा विषय काढून त्या जागी गायकाच्या लठ्ठपणाचा मिस्किल उल्लेख आला. मध्ये डॉमिनो वाद्याऐवजी स्वतःच्या गळ्यातून 'वा-वा' असा उंच आवाज काढतो. तोंड झाकलेल्या ट्रंपेटची ती नक्कल आजही ऐकताना हसू येते. रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती, यावर अभ्यासकांचे कधीच एकमत होणार नाही. पण हक्क सांगणाऱ्यांच्या रांगेत 'द फॅट मॅन' पुढे असते.

या ध्वनिमुद्रणाची सूत्रे डेव्ह बार्थोलोम्यू (१९१८–२०१९) याच्या हाती होती. तो ट्रंपेटवादक, वाद्यवृंदप्रमुख, गीतकार आणि इंपीरियलसाठी गायक शोधणारा माणूस असा सबकुछ होता. ज्या पीटर डेव्हिस यांनी विख्यात जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगला शिकवले, त्यांच्याकडेच बार्थोलोम्यूही शिकला. शिस्तीचा कडक, वेळेवर न येणाऱ्याची गय करत नसे. त्याची एक युक्ती त्या काळच्या न्यू ऑर्लीन्सची ओळख बनली. बास, गिटार आणि सॅक्सोफोन यांना तो एकच छोटी सुरावट एकत्र वाजवायला लावी. ती बहुधा कॅरिबियन रुंबाच्या वळणाची असे आणि गाणे संपेपर्यंत फिरत राही. लहान खोलीत एका बास वाद्याचा आवाज पुरेसा उमटत नसे. तीन वाद्ये एकाच रेषेवर आली की तो जाड, खणखणीत होई. डॉमिनोची बहुतेक गाजलेली गाणी त्याने आणि बार्थोलोम्यूने मिळून रचली.

१९५२ मध्ये केनर गावचा जेमतेम एकोणीस वर्षांचा लॉइड प्राइस स्पेशल्टी कंपनीचा मालक आर्ट रूप याच्यासमोर 'लॉडी मिस क्लॉडी' गायला. पियानोवर फॅट्स डॉमिनो होता, म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीचा आघाडीचा गायक. हे गाणे ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतरच्या वर्षी गिटार स्लिमच्या 'द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू' या गाण्याला पियानोची साथ आणि वाद्यरचना रे चार्ल्सची होती. तो तेव्हा अजून फारसा नावारूपाला आला नव्हता. त्याच सुमारास प्रोफेसर लाँगहेअर (हेन्री रोलँड बर्ड, १९१८–१९८०) याने 'टिपिटिना' मुद्रित केले. त्याची तबकडी डॉमिनोसारखी खपली नाही, पण शहरातल्या पुढच्या पियानोवादकांच्या डाव्या हातात लाँगहेअरच बसलेला असतो. एके काळी हा माणूस झाडलोटीचे काम करून पोट भरत होता. १९७१ च्या जॅझ महोत्सवात त्याला पुन्हा मंचावर आणण्यात आले.

ठेका : या खोलीने संगीताला दिलेले सर्वांत मोठे देणे म्हणजे ड्रमर अर्ल पामर (१९२४–२००८) याचा ठेका. पामर लहानपणी रंगमंचावर टॅप नृत्य करीत असे. ड्रमकडे तो पायांच्या वाटेने आला, असे म्हणायला हरकत नाही. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा जोरदार ठोका, याला बॅकबीट म्हणतात. समेवर वजन टाकायला सवकलेल्या आपल्या कानांना तो पहिल्यांदा उलटा वाटतो. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या जॅझमध्ये हा ठोका होताच, पण तो गाण्याच्या अखेरच्या फेरीत, सगळे रंगात आल्यावर येई. 'द फॅट मॅन'मध्ये पामरने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून धरला.

दुसरा बदल अधिक बारीक आहे. तोवर बहुतेक ऱ्हिदम अँड ब्लूज शफल चालीत वाजे. शफलमध्ये एका मात्रेचे तीन भाग कल्पून मधला गाळतात, म्हणून पहिला टोला लांब व दुसरा आखूड पडतो आणि चाल झुलती होते. लिटल रिचर्ड मात्र पियानोवर उजव्या हाताने मात्रेचे दोन सारखे भाग करून धडाधड ठोकत असे. त्या हाताशी जुळवून घेताना आपला ठेका बदलला, असे पामरने पुढे सांगितले. झुलती चाल सरळ झाली आणि गाणे धावू लागले. हा बदल रात्रीतून झाला नाही. १९५५-५६ च्या तबकड्यांत पियानो सरळ आणि ड्रम अजून थोडे झुलते, अशी ओढाताण ऐकू येते. त्या तबकड्यांची अर्धी गंमत या ओढाताणीत आहे.

'टुटी फ्रुटी' : स्टुडिओच्या इतिहासातला सर्वांत परिचित प्रसंग सप्टेंबर १९५५ चा. जॉर्जियातल्या मेकन गावचा लिटल रिचर्ड (रिचर्ड पेनिमन, १९३२–२०२०) स्पेशल्टीसाठी मुद्रण करायला आला होता. निर्माता रॉबर्ट 'बम्प्स' ब्लॅकवेल होता आणि साथीला पामर, सॅक्सोफोनवर ली ॲलन व आल्विन 'रेड' टायलर, बासवर फ्रँक फील्ड्‌स, पियानोवर ह्यूई स्मिथ अशी पक्की मंडळी होती. ब्लूज गाऊन झाले, पण रंग काही भरेना. दिसायला इतका भडक माणूस गाताना बुजल्यासारखा वाटत होता. मधल्या सुटीत सगळे ड्यू ड्रॉप इन या नाइटक्लबमध्ये गेले. तिथे समोर श्रोते आणि हाताशी पियानो मिळताच रिचर्डने क्लबात गायचे एक चावट गाणे सुरू केले आणि ब्लॅकवेलला हवे होते ते सापडले. शब्द छापण्याजोगे नव्हते. डोरोथी लाबोस्ट्री या तरुण गीतकार मुलीला घाईने बोलावून नवे शब्द लिहून घेण्यात आले. तोवर स्टुडिओची वेळ संपत आली होती, दुसऱ्या पियानोवादकाला चाल शिकवायला सवड नव्हती, म्हणून रिचर्ड स्वतःच पियानोवर बसला. मोजक्या प्रयत्नांत गाणे झाले. सुरुवातीचे ते निरर्थक बोल म्हणजे रिचर्डने तोंडाने वाजवलेला ड्रमच होता. ह्यूई स्मिथ पियानोवर असता तर गाणे वेगळे झाले असते, कदाचित अधिक नेटके. आणि मग आज त्याची आठवण कोण काढत बसले असते?

ज्या ड्यू ड्रॉप इनमध्ये हे घडले ते लासाल रस्त्यावरचे फ्रँक पेनिया याचे हॉटेल, न्हाव्याचे दुकान आणि नाइटक्लब एकाच छताखाली होते. वंशभेदाच्या कायद्यामुळे कृष्णवर्णीय कलावंतांना शहरातल्या इतर हॉटेलांत राहता येत नसे, म्हणून दौऱ्यावरचे गायक इथेच उतरत आणि पहाटेपर्यंत वाजवत. गोरे व काळे यांनी एकत्र बसून गाणे ऐकणे बेकायदा होते. पोलीस धाडी घालत. वादकांच्या संघटनेच्याही दोन शाखा होत्या, गोऱ्यांची १७४ क्रमांकाची आणि कृष्णवर्णीयांची ४९६ क्रमांकाची. त्या पुढे एक झाल्या आणि आज १७४-४९६ असा जोडक्रमांक लावतात.

पैसा आणि श्रेय : वादकांना ठरलेल्या तासांचे संघटनेच्या दराने पैसे मिळत आणि व्यवहार संपे. तबकडी लाखांनी खपली तरी सॅक्सोफोनचा तो तुकडा वाजवणाऱ्याला पुढे छदामही मिळत नसे. गायकांचीही स्थिती फार बरी नव्हती. बऱ्याच जणांनी गाण्यांचे हक्क किरकोळ रकमेला लिहून दिले. त्यात गोऱ्या गायकांच्या नकला. पॅट बून याने डॉमिनोचे 'एंट दॅट अ शेम' गायले आणि ते पॉप यादीत पहिले आले. 'टुटी फ्रुटी'ची त्याची सोज्वळ आवृत्तीही रिचर्डच्या वर गेली. 'लाँग टॉल सॅली' मुद्दाम इतके भरधाव केले, की बूनच्या जिभेला ते झेपू नये, असे रिचर्ड सांगत असे. बूनने तेही गायले. बूनमुळे मूळ गाणी गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली, असा युक्तिवाद केला जातो. तो पूर्ण खोटा नाही, पण दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्यावर तो पुढे रेटणे अवघड जाते.

साथीदारांच्या या अनामिकतेचे मराठी वाचकाला नवल वाटू नये. त्याच दशकात मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक आणि संयोजक हेच काम करीत होते. सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांनी 'आशा' (१९५७) चित्रपटात 'ईना मीना डीका'तून रॉक अँड रोल हिंदीत आणले. त्यांच्या वाद्यवृंदातले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ, हे लुई आर्मस्ट्राँगचे निस्सीम चाहते होते. तबकडीच्या लेबलावर अशी नावे तेथेही येत नसत.

उत्तरकाळ : १९५६ मध्ये मटासाने गव्हर्नर निकल्स रस्त्यावर मोठ्या जागेत बस्तान हलवले. पामर १९५७ मध्ये लॉस अँजेलिसला गेला आणि तेथे चित्रपट, दूरचित्रवाणी व पॉप गाण्यांसाठी अगणित ध्वनिमुद्रणे करीत राहिला. १९६० च्या दशकात मटासाने तबकड्यांच्या वितरणाचा व्याप वाढवला आणि तो कर्जात बुडाला. पुढे तो फ्रेंच क्वार्टरमधल्या कुटुंबाच्या किराणा दुकानात बसू लागला. रॅम्पार्ट रस्त्यावरच्या मूळ जागेत नंतर कपडे धुण्याची यंत्रे लागली. 'द फॅट मॅन'ला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, १० डिसेंबर १९९९ रोजी, इमारतीवर स्मृतिफलक बसवण्यात आला. २००५ च्या कतरिना वादळात लोअर नाइन्थ वॉर्डमधले डॉमिनोचे घर बुडाले. तो दगावल्याची बातमी पसरली आणि घरावर कोणीतरी निरोपाचे शब्दही रंगवले. प्रत्यक्षात त्याची सुटका झाली होती आणि पुढे तो बारा वर्षे जगला.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६ च्या पहिल्याच तुकडीत डॉमिनो व लिटल रिचर्ड यांना घेतले. साथीदारांसाठी वेगळा वर्ग सुरू व्हायला २००० साल उजाडले. त्या पहिल्या यादीत पामर होता. मटासाचा सन्मान २०१२ मध्ये झाला. ली ॲलन आणि रेड टायलर यांचे सॅक्सोफोन मात्र आजही बहुतेकांनी नाव न कळताच ऐकलेले असतात.

पामरच्या झुलत्या व सरळ ठेक्यांतला फरक कानांनी पडताळायचा असेल तर 'लॉडी मिस क्लॉडी' आणि न्यू ऑर्लीन्समध्येच मुद्रित झालेले लिटल रिचर्डचे 'लूसिल' (१९५७) लागोपाठ ऐकावे. पहिल्यात पियानोवरच्या तीन-तीनच्या टोल्यांवर लक्ष ठेवावे, दुसऱ्यात गाणे सुरू होताच बास आणि सॅक्सोफोन मिळून जी सुरावट धरतात तिच्यावर.