एकांत, एकाकीपणा आणि मधली दोनशे वर्षं

मराठीत एकांत दोघांनाही मिळतो. ‘त्यांना जरा एकांत मिळू दे’ असं आपण सहज म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकाकीपणा मात्र असा वाटून घेता येत नाही. ‘एकलकोंडा’ हे तिसरंच प्रकरण, थोडं नाक मुरडून केलेलं स्वभाववर्णन. बोलीत केव्हाच वेगळ्या झालेल्या या गोष्टी वेगळ्या करायला अभ्यासकांना २०व्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. आज एकाकीपणाला रोगासारखी ‘साथ’ म्हटलं जातं, तेव्हा त्या पुन्हा एकमेकींत कालवल्या जातात.

एकटं राहणं ही फार काळ साधना होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांना भर दुपारी घेरणाऱ्या मरगळीचं वर्णन त्यांच्यातल्याच इव्हाग्रियसने केलं आहे: दिवस सरत नाही, सारखं दाराकडे लक्ष जातं, कुणी येतंय का म्हणून. आपण याला एकाकीपणा म्हणू. त्याच्या लेखी तो एका दुष्ट शक्तीचा हल्ला होता आणि उपाय होता कोठडीत टिकून राहणं. ब्रिटिश इतिहासकार फे बाउंड अल्बर्टी यांच्या मते एकाकीपणा ही स्वतंत्र भावना म्हणून साधारण १८०० नंतरच आकाराला आली. मला हे जरा जास्तच रेखीव वाटतं. नाव नव्हतं म्हणून दुखत नव्हतं असं थोडंच आहे? पण नाव मिळालं की दुखण्याकडे बघण्याची नजर बदलते, एवढं खरं.

एकांत पवित्र असतो या समजुतीची सर्वांत क्रूर परीक्षा एका तुरुंगात झाली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं ‘ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी’ १८२९ मध्ये सुरू झालं. कल्पना सुधारकांची, हेतू दयेचा: फटके आणि गर्दी यांऐवजी कैद्याला एकटं ठेवा, म्हणजे तो अंतर्मुख होईल, पश्चात्ताप करील. प्रत्येकाला वेगळी कोठडी, छतातून येणारा उजेड, फिरायला भिंतींनी बंदिस्त असं स्वतःचं छोटंसं अंगण. बाहेर न्यायचं तर डोक्यावर टोपडं, म्हणजे कुणाचा चेहरा कुणाला दिसू नये. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सने हा तुरुंग पाहिला आणि मनाचा हा छळ शरीराच्या छळाहून भयंकर आहे असं लिहिलं. १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच एका निकालात नोंदवलं, की अशा कोंडीत अनेक कैदी वेडे झाले, काहींनी आत्महत्या केली. तरीही फिलाडेल्फियात ही पद्धत अधिकृतपणे संपायला १९१३ उजाडलं.

दरम्यान शहरं फुगत होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या खासगी वाटणाऱ्या कृतीचा संबंध समाजातल्या बांधिलकीच्या घट्टपणाशी जोडला. १९०३ मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेलने लिहिलं, की महानगरातल्या दाटीत माणसाला जितकं एकाकी वाटतं तितकं कुठेच वाटत नाही. सगळं खापर मोबाइलवर फोडणाऱ्यांनी या तारखा बघाव्यात.

मानसोपचाराने मात्र हा विषय बराच काळ टाळला. मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांचा ‘एकाकीपणा’ हा निबंध त्यांच्या निधनानंतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा अनुभव इतका भीतिदायक, की खुद्द मानसोपचारतज्ज्ञही त्याला बगल देतात, असं त्यात म्हटलं होतं. १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी महत्त्वाची फोड केली. जिव्हाळ्याचं एक माणूस नसणं वेगळं, चारचौघांचा गोतावळा नसणं वेगळं. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. जोडीदार गेलेल्याला मित्रांच्या गराड्यातही पोकळी जाणवते. नव्या गावी आलेल्या जोडप्याला एकमेकं असूनही करमत नाही. १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ पेप्लाऊ आणि पर्लमन यांनी आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या मांडली: हवी असलेली नाती आणि असलेली नाती यांच्यातली जाणवणारी तफावत म्हणजे एकाकीपणा. माणसं मोजून तो कळत नाही.

पण माणसं मोजणं सोपं असतं. कॅलिफोर्नियाच्या अलामेडा काउंटीतल्या सुमारे ७,००० प्रौढांवर नऊ वर्षं लक्ष ठेवून १९७९ मध्ये निष्कर्ष आला, की ज्यांचे सामाजिक संबंध सर्वांत कमी त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण दुपटीहून जास्त. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ जुलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास, तीन लाखांवर माणसं एकत्र घेऊन तीच दिशा दाखवली. ‘एकाकीपणा म्हणजे रोज १५ सिगारेटी’ हे वाक्य इथूनच निघालं. गंमत अशी, की तिथे मोजले होते ते मुख्यतः संपर्क, आधार आणि नात्यांचं जाळं. एकाकी वाटण्याचा भाग त्यात लहान होता. वाक्य चटपटीत होतं, ते पसरलं.

शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो एकाकीपणाला भुकेसारखी शरीराची सूचना मानत: कळपाबाहेर पडलास, परत फिर. पण ही सूचना फार काळ वाजत राहिली की माणूस सावध, संशयी होतो. दुसऱ्याच्या साध्या वागण्यातही झिडकारणं दिसू लागतं. त्यामुळे एकाकी माणसाला नुसतं चार लोकांत नेऊन बसवलं तर तो आणखी मिटतो.

सरकारं उशिरा जागी झाली. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाचं खातं एका मंत्र्याकडे सोपवलं, जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये. २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सल्लागार, विवेक मूर्ती यांनी ‘साथ’ हाच शब्द वापरून इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा जून २०२५ चा अहवाल सांगतो, की जगात दर सहा माणसांमागे एक एकाकी आहे आणि हे प्रमाण किशोरवयीन व तरुणांमध्ये मोठं आहे.

हे मोजतात कसं? १९७८ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २० विधानांची एक मोजपट्टी तयार झाली. पुढे तिचं तीन प्रश्नांचं रूप आलं: सोबतीची उणीव किती वेळा भासते, बाजूला पडल्यासारखं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? ‘एकाकी’ हा शब्दच त्यांत नाही. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने हे तीन प्रश्न शिफारशीत घेतले आणि शेवटी चौथा, थेट प्रश्न जोडला: तुम्हाला एकाकी किती वेळा वाटतं? थेट विचारलं की पुष्कळजण कबूल होत नाहीत, म्हणून आधी ते तीन ठेवायचे.