क्रोन आजारातील आतडेछेदन आणि जिवाणू

लहान आतड्याचा शेवटचा भाग (इलियम) आणि मोठ्या आतड्याची सुरुवात (सीकम) कापून उरलेली टोके जोडणे, ही क्रोन आजारातली (आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या दीर्घ आजारातली) नेहमीची शस्त्रक्रिया. आतडे अरुंद झाले, भगेंद्रासारख्या वाटा पडल्या किंवा औषधांना दाद मिळेना, की ती करावी लागते. पण सुजलेला भाग गेला म्हणून आजार जात नाही. तो पुन्हा उगवतो तो बहुधा जोडाच्या लगेच वर, ऑपरेशनच्या वेळी धडधाकट दिसलेल्या इलियममध्ये.

तिथेच का, याचे उत्तर बेल्जियममधल्या ल्यूव्हेन शहरातल्या संशोधकांनी दिले. १९९१ साली पॉल रुटगीर्ट्स आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. जोडाच्या वर स्टोमा (आतड्याचे पोटावर काढलेले तोंड) करून त्यांचा मल पिशवीत वळवलेला होता. सहा महिने इलियम स्वच्छ राहिले. स्टोमा बंद करून मल जुन्या वाटेने सोडल्यावर सहा महिन्यांत दाह परतला. १९९८ मध्ये, मल वळवून रिकाम्या ठेवलेल्या इलियममध्ये रुग्णाच्याच आतड्यातला द्रव सोडला, तर आठवड्याभरात अस्तरात प्रतिकारपेशींची गर्दी झाली. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला इथे गैरलागू आहे. ती कमी नसते, घरच्याच जिवाणूंवर उलटलेली असते.

शस्त्रक्रियेने जिवाणूंची वस्तीही हलते. दोन आतड्यांमधली झडप गेल्याने मोठ्या आतड्यातले जिवाणू वर सरकू शकतात. पित्ताम्ले शोषणारा भागच कापल्याने ती पुढे वाहत जातात, जुलाब होतात आणि कोणते जिवाणू तगणार हेही बदलते. दाह शमवणारे द्रव्य तयार करणारा फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जिवाणू कापलेल्या इलियममध्ये कमी आढळला, तर सहा महिन्यांत आजार उलटण्याचा धोका जास्त असल्याचे २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले.

रुग्णाला काही जाणवण्याआधीच आजार परतल्याचे दुर्बीण टिपते. तोंड आल्यावर गालाच्या आत दिसतात तसे बारीक व्रण जोडाच्या वर उमटतात. रुटगीर्ट्स मोजपट्टीत असे पाचपर्यंत व्रण किरकोळ धरतात, त्याहून जास्त असतील तर औषध वाढवण्याचा विचार होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करतात. धूम्रपान चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

मेट्रोनिडॅझोलसारखी प्रतिजैविके सुरुवातीचा दाह पुढे ढकलतात, पण तोंडाला धातूची चव येते, हातापायांना मुंग्या येतात आणि गोळी थांबल्यावर परिणाम ओसरतो.