लॉगआउट झालं, तरी किल्ली फिरतेच

मागे एकदा मी माझ्या एआय एजंटला, म्हणजे माझ्या वतीने कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला, ऑनलाइन कॅलेंडरमधून बाहेर काढलं. लॉगआउटची कमांड दिली, ‘लॉगआउट झाले’ असं उत्तर आलं. खात्री करावी म्हणून होम फोल्डरमधली टोकनची (एजंटला आत सोडणाऱ्या डिजिटल किल्लीची) लपवलेली फाइल शोधली, तर तीही गेलेली. तासाभराने पाहतो तर कॅलेंडरमध्ये एजंटची नवी नोंद, आणि पुसलेली फाइल जागच्या जागी परत हजर! भुताटकीच वाटावी असा प्रकार. पण कोणी घुसलं नव्हतं. सगळं ठरल्याप्रमाणेच चाललं होतं.

एजंटला आपण पासवर्ड देत नाही. बहुतेक सेवा ओऑथ २.० नावाची पद्धत वापरतात. तिचे नियम ठरवणारा मुख्य दस्तऐवज २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपण संमतीच्या पानावर ‘परवानगी द्या’ दाबतो आणि एजंटच्या हाती सहसा दोन टोकनं पडतात. एक अॅक्सेस टोकन, अल्पायुषी. पुष्कळदा ३६०० सेकंदांचं. दुसरं रिफ्रेश टोकन. ते दाखवून नवं अॅक्सेस टोकन मिळवायचं, आणि हे मात्र आठवडे, महिने, कधी कधी कोणी रद्द करेपर्यंत चालतं. अॅक्सेस टोकन तर सहसा बेअरर चेकसारखं असतं. ज्याच्या हातात, त्याचं. आणणारा कोण, हे सर्व्हर विचारत नाही.

आता माझ्या कमांडने काय केलं होतं? फक्त फाइल पुसली. एजंटची आणखी एक प्रोसेस सकाळपासून मागे चालू होती आणि तिने दोन्ही टोकनं केव्हाच मेमरीत वाचून ठेवली होती. फाइल गेल्याचं तिला कळायचं कारणच नव्हतं. अॅक्सेस टोकनची मुदत संपली तसं तिने रिफ्रेश टोकन देऊन नवं मागितलं. सर्व्हरने दिलं, कारण त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. नवं टोकन तिने इमानेइतबारे फाइलमध्ये लिहून ठेवलं.

चूक खरं तर ‘लॉगआउट’ या शब्दातच दडलेली आहे. १९६१ मध्ये एमआयटीत सीटीएसएस ही एकच संगणक अनेकांना वापरू देणारी यंत्रणा दाखवली गेली, त्या जमान्यात एक माणूस एका टर्मिनलसमोर बसे आणि काम आटोपलं की उठून जाई. उठणं म्हणजेच लॉगआउट. १९९४ साली लू माँटुली यांनी नेटस्केप ब्राउझरमध्ये कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) आणली, तरी समोर माणूस आणि ब्राउझर होताच. एजंटच्या बाबतीत समोर कोणीच नसतं. एकाच परवानगीच्या प्रती फाइलीत, मेमरीत, दुसऱ्या यंत्रावरच्या ठरावीक वेळी चालणाऱ्या कामात पसरलेल्या असतात. उठायचं कोणी?

म्हणून इथे दोन वेगळ्या गोष्टी कराव्या लागतात: इथलं विसरणं आणि तिथलं रद्द करणं. रद्द करण्यासाठी ऑगस्ट २०१३ पासून आरएफसी ७००९ हे इंटरनेटचं प्रमाण (ठरवून दिलेली पद्धत) आहे. टोकन सर्व्हरकडे पाठवायचं आणि ‘हे बाद करा’ म्हणायचं. गंमत म्हणजे टोकन आधीच बाद असलं, तरी सर्व्हर २०० म्हणजे ‘ठीक आहे’ असंच उत्तर देतो. ते निरुपयोगी व्हावं एवढीच मागणी होती, आणि ते आहेच! क्रम मात्र महत्त्वाचा. आधी फाइल पुसलीत तर रद्द करायला दाखवायचं टोकनच हातचं जातं. मग खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन जोडलेल्या अॅप्सच्या यादीतून एजंटला काढावं लागतं. एजंटला सेवांशी जोडणारी कित्येक इंटिग्रेशन्स हा क्रम नेमका उलटा ठेवतात, आणि हा मला निव्वळ आळस वाटतो.

रद्द केलं तरी परिणाम तत्क्षणी दिसेलच असं नाही. काही अॅक्सेस टोकनं स्वयंपूर्ण असतात: आत मुदत लिहिलेली, खाली डिजिटल सही. ती घेणारा सर्व्हर सही आणि मुदत तपासतो, मुख्य नोंदवहीला विचारायला जात नाही. वेग मिळतो, पण बाद झालेलं टोकनही मुदत संपेपर्यंत चालून जाऊ शकतं. अॅक्सेस टोकनचं आयुष्य आखूड ठेवतात ते यासाठीच.

एपीआय की, म्हणजे प्रोग्रॅमला सेवा वापरू देणारी अक्षरांची गुप्त ओळ, तिचं प्रकरण याहून वाईट. तिला लॉगआउटच नसतं आणि अनेकदा मुदतही नसते. ती सेटिंगच्या फाइलीत असते, गिटच्या (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या) इतिहासात असते, बॅकअपमध्ये असते. घाईत एजंटच्या चॅटमध्ये चिकटवली असेल तर त्या संवादाच्या नोंदीतही. या सगळ्या जागा घासूनपुसून काढत बसण्यात अर्थ नाही. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर तर वरून दुसरं काही लिहिलं, तरी ते त्याच पेशींवर पडेल याची हमी नसते. सेवेकडे जाऊन की रद्द करा, नवी घ्या. मेलेली की म्हणजे नुसती अक्षरं; कुठेही पडून राहिली तरी बिघडत नाही. कीचेनसारख्या, पासवर्ड जपणाऱ्या संगणकातल्या तिजोरीत टोकन ठेवणं चांगलंच, पण त्याने चोरी अवघड होते, टोकन मरत नाही.

माझ्या कॅलेंडरचं पुढे असं केलं. मागची प्रोसेस थांबवली. अॅक्सेस टोकनची एक प्रत बाजूला काढून ठेवली. मग सर्व्हरवर परवानगी रद्द केली आणि शेवटी फाइल पुसली. बाजूला ठेवलेलं टोकन लावून लगेच एक विनंती पाठवली, तर उत्तर आलं २००, म्हणजे दार अजून उघडंच. तासाभराने तीच विनंती पुन्हा पाठवली. या वेळी ४०१, म्हणजे ‘प्रवेश नाही’.