खोल समुद्रातील पाण्याचे वय : पार्श्वभूमी

समुद्राच्या पृष्ठभागावरील प्रवाह खलाशांना पूर्वापार ठाऊक होते. तीन-चार किलोमीटर खोलीवरील पाणी मात्र फार संथ सरकते. तापमान आणि क्षारता यांवरून ते कुठल्या प्रदेशातून आले हे ताडता येई, पण तेथून केव्हा निघाले हे कळण्यास मार्ग नव्हता. तो मार्ग विसाव्या शतकाच्या मध्यावर कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनने दाखवला. पृष्ठभागावरील पाणी हवेतून हा कार्बन घेते. ते बुडाले की पुरवठा तुटतो आणि आतील साठा ५,७३० वर्षांच्या अर्धायुष्याने, म्हणजे दर तेवढ्या वर्षांनी निम्मा होत, घटत जातो.

अणुचाचण्यांनी या घड्याळात ढवळाढवळ केली. १९६३ चा अंशतः चाचणीबंदी करार होईपर्यंत उत्तर गोलार्धाच्या हवेतील कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता आणि पावसातून ट्रिटियम हे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूपही समुद्रात उतरत होते. जुने पाणी मोजणाऱ्यांना ही भेसळ होती. वरच्या थरांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र आयताच ठरावीक काळी ओतलेला रंग मिळाला.

त्याचा पद्धतशीर माग १९७२ ते १९७८ या काळात ‘जिओसेक्स’ या समुद्राच्या भूरासायनिक सर्वेक्षणाच्या मोहिमेने तिन्ही महासागरांत काढला. कार्बन-१४ च्या एका नमुन्यासाठी त्या वेळी सुमारे अडीचशे लिटर पाणी लागे. पोलादी पिंप खोलवरून भरून वर येई, डेकवरच त्या पाण्यात आम्ल मिसळून त्यातील कार्बन डायऑक्साइड वायुप्रवाहाने बाहेर काढला जाई आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शोषून प्रयोगशाळेकडे रवाना होई. उत्तर अटलांटिकमध्ये बाँबचे ट्रिटियम थेट खोल पाण्यापर्यंत पोचलेले आढळले, म्हणजे तेथील पाणी बुडून एक-दोन दशकेच झाली होती.

प्रशांत महासागराचा हिशेब अधिक नाजूक होता. तेथील खोल पाण्याचे कार्बन-वय दोन हजार वर्षांच्या आसपास दिसते, परंतु अंटार्क्टिकाजवळ बुडणारे पाणी मुळातच कार्बन-१४ ने पुरते भरलेले नसते, त्यामुळे ते जन्मतःच म्हातारे भासते. हा फरक वजा करून १९८३ मध्ये कार्बन-१४ चे अभ्यासक मिंझ स्टायव्हर आणि सहकाऱ्यांनी दीड किलोमीटरखालचे पाणी बदलण्यास प्रशांत महासागरात सुमारे ५१० वर्षे, अटलांटिकमध्ये २७५ आणि हिंदी महासागरात २५० वर्षे लागतात, असे मांडले.

पुढे कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक वस्तुमान वर्णपटमापनामुळे अर्धा लिटर पाणीही पुरू लागले आणि १९९० च्या दशकातील सर्वेक्षणांत नमुन्यांची संख्या कितीतरी वाढली. पिंपे डेकवरून हटली आणि त्यांची जागा छोट्या बाटल्यांनी घेतली.