डावखुऱ्या पोराला शॉर्टस्टॉप का नाही?

न्यू जर्सीतला माझा भाचा अकरा वर्षांचा आहे, डावखुरा आहे आणि त्याला शॉर्टस्टॉप व्हायचंय. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागांपैकी ही सगळ्यात मानाची. कोचने मात्र पहिल्याच दिवशी त्याला फर्स्ट बेसवर, म्हणजे धावणारा फलंदाज आधी जिथे पोचतो त्या टप्प्यावर, उभं केलं. ताई फोनवर वैतागली होती. "डावखुऱ्यांनी काय घोडं मारलंय रे यांचं?"

घोडं कुणी मारलेलं नाही. भानगड मैदानाच्या आखणीतच आहे. बेसबॉलमध्ये धावणारा कायम घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. चेंडू मारला की आधी उजवीकडच्या फर्स्ट बेसकडे पळायचं. शॉर्टस्टॉप उभा असतो सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे. सरपटत आलेला चेंडू उचलून, फलंदाज पोचण्याआधी, तो त्याला स्वतःच्या डावीकडे, फर्स्ट बेसवर फेकायचा असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा आधीच तिकडे असतो. एक पाऊल टाकलं की फेक. डावखुऱ्याला उजवा खांदा तिकडे न्यायला अख्खं अंग वळवावं लागतं. मोठ्यांच्या खेळात फलंदाज फर्स्ट बेसपर्यंतचे 90 फूट साधारण 4.3 सेकंदांत कापतो, त्यामुळे वळण्यात गेलेला क्षणही महागात पडतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, गेल्या शंभराहून अधिक वर्षांत डाव्या हाताने फेकणारा एकही नियमित शॉर्टस्टॉप झालेला नाही. फर्स्ट बेसवर नेमकं उलटं घडतं. डावखुऱ्याचा ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या बाजूला येतो आणि सेकंड बेसकडे फेकताना वळावं लागत नाही. कोचचं चुकलं नव्हतं.

हाताचा हिशेब असा सरळ आहे. वयाचा तितका सरळ नाही. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची वयाची सीमारेषा कित्येक वर्षं 31 जुलै होती. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल आपल्या गटात सगळ्यात थोरलं ठरायचं आणि जुलैतलं सगळ्यात धाकटं. अकराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत, फेकीत डोळ्यांना दिसणारा फरक. कोचला तो गुण वाटतो. थोरल्याला पिचरची (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याची) नाहीतर शॉर्टस्टॉपची जागा मिळते, जास्त चेंडू हाताळायला मिळतात, म्हणून तो खरोखरच सुधारतो. मेजर लीगमधल्या अमेरिकन खेळाडूंत ऑगस्टमध्ये जन्मलेले जुलैतल्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाले, ते यामुळेच. शाळेत जूनचा वाढदिवस की मेचा, यावरून आपल्याकडेही पोरं अशीच पुढेमागे होतात, फक्त तिथे कुणी मोजत बसत नाही.

त्यात ज्याची फेक जोरदार, त्यालाच पिचर करायचं आणि पिचिंग झालं की कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला, बसवायचं, हा मोह मोठा. या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, कूर्चेची. कोपराच्या आतल्या बाजूला ती अस्थिबंधापेक्षा कमजोर असते. जोरात फेकताना तिथेच ताण येतो. मोठ्या माणसाचा अस्थिबंध फाटेल, तर पोराची ही पट्टी दुखावते, कधी हाडापासून सुटते. डॉक्टर याला 'लिटल लीग एल्बो' म्हणतात. म्हणून लिटल लीग या मुलांच्या संघटनेने 2007 पासून चेंडू मोजायला सुरुवात केली. 11-12 वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू. आणि 41 किंवा जास्त टाकले, तर त्या दिवशी कॅचरची जागा बंद, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. मला हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आणि लहानपणीची जागा टिकते तरी कुठे? मारियानो रिव्हेरा पनामात शॉर्टस्टॉप होता, नंतर न्यू यॉर्कच्या यांकीज संघाचा पिचर झाला. जेकब डीग्रॉम कॉलेजात बराच काळ शॉर्टस्टॉपच होता, मग पिचर झाला. बस्टर पोझीही फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शॉर्टस्टॉप होता, तिथेच कॅचर झाला आणि 2008 मध्ये एका सामन्यात नऊच्या नऊ जागी खेळला.

भाच्यालाही महिन्याभराने कोचने सेंटर फील्डला, मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, पाठवलं. ताईने व्हिडिओ पाठवला. उंच चेंडू थेट त्याच्याच दिशेने येतोय. हा दोन पावलं पुढे येतो, थबकतो, मग उलटा पळत सुटतो. चेंडू बाजूला जाणारा असेल तर अंदाज सोपा असतो. नाकासमोर येणारा सगळ्यात फसवा. भौतिकशास्त्रज्ञ सेव्हिल चॅपमन यांनी 1968 मध्ये यावर एक युक्ती मांडली. चेंडू नजरेत वर चढताना त्याचा वेग वाढत गेला, तर तो डोक्यावरून जाणार. मंदावला, तर पुढ्यात पडणार. चढण एकसारखी राहील अशा बेताने पळत राहिलं की चेंडू हातात येतो. पहिल्या क्षणी मात्र हा फरक इतका बारीक असतो की भलेभले एक पाऊल चुकीचं टाकतात.

व्हिडिओत चेंडू ग्लोव्हच्या टोकाला लागून गवतात पडतो. पुढच्या इनिंगला तसाच आलेला चेंडू. या वेळी तो पुढे येत नाही. जागीच उभा राहून अर्धा क्षण नुसता बघतो आणि मग मागे पळतो.