रक्तातले टाऊ आणि उद्याची विस्मृती

मे 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानास साहाय्य करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली आणि मोबाइलवरून फिरता फिरता त्या बातमीचे ‘आता विस्मृतीचे भविष्य रक्तावरून कळणार’ असे रूप झाले. प्रत्यक्षात ती परवानगी 55 वर्षे व त्यापुढील वयाच्या, स्मरणशक्तीची तक्रार घेऊन तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांपुरती आहे. धडधाकट माणसाला पुढे काय होणार, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर बरेच अवघड आहे.

ही चाचणी रक्तात काय शोधते, ते आधी पाहू. चेतापेशींच्या लांबलचक तंतूंमध्ये मालवाहतुकीसाठी सूक्ष्मनलिका असतात आणि टाऊ नावाचे प्रथिन त्यांना आधार देते. अल्झायमरमध्ये मेंदूत आधी ॲमिलॉइड या दुसऱ्या प्रथिनाची पुटे साचू लागतात. ही साठवण लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू झालेली असते. तिच्यापाठोपाठ चेतापेशी टाऊच्या काही ठरावीक जागांवर फॉस्फेटचे गट अधिक प्रमाणात चिकटवू लागतात आणि असे टाऊ पेशींबाहेर अधिक सोडतात. टाऊच्या साखळीतील 217 क्रमांकाच्या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलेले रूप म्हणजे पी-टाऊ217. त्याचे तुकडे मेंदूभोवतीच्या द्रवातून रक्तात उतरतात, परंतु फारच थोडे. एक मिलिलिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन हे प्रथिन सुमारे 40 मिलिग्रॅम असते, तर पी-टाऊ217 सहसा एक पिकोग्रॅमहूनही कमी, म्हणजे अल्ब्युमिनच्या 4 हजार कोटींव्या भागाहूनही कमी.

इतके अल्प द्रव्य मोजायचे कसे? या क्षेत्रातील सर्वांत देखणी युक्ती मला इथेच दिसते. प्रतिपिंडांच्या नेहमीच्या चाचणीत हवा तो रेणू प्रतिपिंडाने पकडतात, त्यावर विकर (एन्झाइम) जोडलेला दुसरा प्रतिपिंड बसवतात आणि विकराने तयार केलेला रंग किती गडद झाला ते मोजतात. रेणू मोजकेच असतील तर त्यांचा रंग सगळ्या द्रवात विरून जातो. विहिरीत टाकलेली चिमूटभर हळद दिसत नाही, तसेच हे. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड वॉल्ट यांच्या चमूने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिमोआ’ या तंत्रात द्रवाचीच वाटणी केली आहे. प्रतिपिंड लावलेले लाखो सूक्ष्म चुंबकीय मणी नमुन्यात सोडतात. पकडलेल्या रेणूंपेक्षा मणी पुष्कळ जास्त असल्याने बहुतेक मण्यांवर एकही रेणू नसतो आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांवर एकच असतो. मग एका वेळी एकच मणी मावेल अशा, सुमारे 50 फेम्टोलिटर (एक फेम्टोलिटर म्हणजे मिलिलिटरचा एक लाख कोटींवा भाग) आकाराच्या खळग्यांमध्ये ते बसवून वरून तेलाचा थर देतात. एका रेणूवरच्या विकराने तयार केलेले चमकणारे द्रव्य त्या खळग्याबाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे तेवढा खळगा कॅमेऱ्याला स्पष्ट उजळलेला दिसतो. आता रंगाची छटा जोखायची नाही, उजळलेले आणि अंधारे खळगे फक्त मोजायचे. काही मण्यांवर दोन-तीन रेणू असण्याची शक्यता प्वासाँच्या सूत्राने हिशेबात धरतात: अंधाऱ्या मण्यांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन चिन्ह बदलले की दर मण्यामागे सरासरी रेणू मिळतात. निम्मे मणी अंधारे राहिले, तर ही सरासरी अर्धा नसून 0.69 येते.

मोजमाप इतके नेमके असूनही भाकीत तेवढे नेमके होत नाही. परवानगी मिळालेली चाचणी (तिचे तंत्र वेगळे आहे) पी-टाऊ217 आणि ॲमिलॉइडचे गुणोत्तर काढते. स्मरणशक्ती आधीच बाधित झालेल्या रुग्णांच्या 499 नमुन्यांमध्ये, ज्यांचा निकाल होकारार्थी आला त्यांपैकी 91.7 टक्के जणांच्या मेंदूत पेट स्कॅनने किंवा पाठीतले पाणी तपासून खरोखरच ॲमिलॉइड आढळले. याच्याशेजारी स्टॉकहोममधील कुंग्सहोल्मेन भागातला अभ्यास ठेवून पाहावा. तिथे स्मृतिभ्रंश नसलेल्या 2,148 ज्येष्ठांचे रक्त तपासून पुढे 16 वर्षांपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवण्यात आले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या रक्तात पी-टाऊ217 सारखे निर्देशक कमी होते त्यांच्यापैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांना दहा वर्षांत स्मृतिभ्रंश झाला नाही. उलट, दोन निर्देशक एकत्र धरूनही ‘धोका आहे’ असा निकाल खरा ठरण्याचे प्रमाण 43 टक्क्यांपुढे गेले नाही.

या तफावतीची दोन कारणे आहेत. पहिले असे की, मेंदूत आज ॲमिलॉइड आहे का आणि दहा वर्षांनी बुद्धी मंदावेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अनेकांच्या मेंदूत पुटे असूनही ती माणसे अखेरपर्यंत व्यवहाराला चोख असतात. दुसरे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. समजा, हजार निरोगी ज्येष्ठांपैकी 50 जणांना हा विकार होणार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे. ती 50 पैकी 45 जणांना बरोबर ओळखेल, पण उरलेल्या 950 पैकी 95 जणांनाही विनाकारण धास्ती लावेल. म्हणजे घाबरवलेल्या 140 जणांतील 95 जण सुखरूप असतील. ‘90 टक्के अचूक’ असे छापणाऱ्या जाहिराती हा हिशेब कधीच मांडत नाहीत, आणि तो न मांडता दिलेला अहवाल पत्रिका पाहून सांगितलेल्या साडेसातीहून फारसा वेगळा नसतो.

शिवाय मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर मेंदू ठीक असूनही रक्तातले पी-टाऊ217 वाढलेले दिसते, आणि मधुमेह व रक्तदाबामुळे मूत्रपिंडे दुबळी झालेले ज्येष्ठ आपल्याकडे घरोघरी आहेत. लक्षणे नसलेल्यांसाठी या चाचणीचा सयुक्तिक उपयोग सध्या संशोधनात आहे: डोनानेमॅब हे औषध स्मरणशक्ती शाबूत असतानाच देऊन पाहणाऱ्या एका मोठ्या चाचणीसाठी 55 ते 80 वयाच्या व्यक्तींची निवड रक्तातील पी-टाऊ217 पाहूनच करण्यात आली.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ज्येष्ठांचा विसराळूपणा घरात सोडून दिला जातो, तेही योग्य नाही. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे वेगळे आणि रोजच्या वाटेवर चुकणे किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे वेगळे. असे काही दिसले तर डॉक्टर प्रथम ब-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइडची तपासणी करायला सांगतात. शाकाहारी घरांत ब-12 ची कमतरता सर्रास आढळते. या दोन्ही चाचण्या भविष्य सांगत नाहीत, पण त्यांत उणीव निघाली तर तिच्यावर स्वस्त आणि खात्रीचा उपचार उपलब्ध आहे.